सोनकी: हात लावून न घेणाऱ्या कुत्रीबरोबरच्या नोंदी

२३ जून २०२४, रविवार

सोनकी आज घरी आली. माण तालुक्यातून, म्हसवडच्या अलीकडच्या एका वाडीवरून, आप्पांच्या ओळखीच्या टेम्पोतून साताऱ्यापर्यंत. कारवानी मादी, वाळक्या गवताचा रंग, वय साधारण ३ वर्षं. ज्या आजोबांच्या मेंढरांमागे ती वाढली ते होळीच्या सुमारास गेले. मुलं मुंबईला. मेंढरं विकली गेली, कुत्री मागे राहिली. तीन महिने बाभळीला साखळीने बांधलेली होती, शेजारच्या बाई भाकरी टाकायच्या. नाव मनूने ठेवलं, कासच्या पठारावरच्या पिवळ्या सोनकीच्या फुलांवरून.

कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात तेच हे कुत्रं. २००५ साली टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. ही कुत्री परक्याच्या अंगाशी येत नाहीत हे आणण्याआधी मला माहीत होतं. घरच्यांच्याही येणार नाहीत याची कल्पना नव्हती.

उतरल्यावर पाणी प्यायली, अंगण हुंगलं, सोप्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली. मनूने डोक्यावरून हात फिरवला. ती हलली नाही. आम्हाला वाटलं, छान, शांत आहे.

२६ जून

लसीकरण. रेबीजची आणि दुसरी एकत्र लस. टेबलावर चढेना म्हणून दवाखान्यात चौघांनी धरली: दोघं पुढे, एक मागे, मी मानेला. काम दीड मिनिटात झालं. खर्च १,१०० रुपये.

घरी आल्यावर रात्री जेवली नाही. आप्पा म्हणाले, सुईने अंग दुखत असेल. मीही तेच धरून चालले. त्या दिवशी चौघांनी धरून ठेवण्याची किंमत पुढे दोन महिने मोजत होते, हे आता मागे वळून लिहिते आहे.

३० जून

आठवडाभराचा हिशेब. घरात आम्ही तिघं (आप्पा, मनू आणि मी), शिवाय येणारे-जाणारे. दिवसाला निदान आठ-दहा वेळा कोणीतरी तिला हात लावत होतं. आमचं गणित सरळ होतं: घाबरलेली आहे, जितका हात लावू तितकी सवय होईल.

ती प्रत्येक वेळी थिजायची. पाय रोवून उभी, शेपूट पोटाशी, मान जराशी वळवलेली. हात काढला की लगेच अंग झाडायची, जसं अंगावर पाणी पडलंय. आम्ही त्या थिजण्याला "गप्प उभी राहते, आवडतं तिला" म्हणत होतो. तुमच्या घरी असं कुत्रं आलं असेल तर सगळ्यात आधी हे बघा: हात लावताना ते तुमच्याकडे झुकतं का? झुकत नसेल, नुसतं उभं राहत असेल, तर ती परवानगी नाही. पळायला जागा नसल्यामुळे ते उभं आहे.

७ जुलै

या आठवड्यात मी नवा उपाय केला आणि तो चुकला. डाव्या हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा, उजव्या हाताने मान कुरवाळायची. हेतू असा की हात म्हणजे चिकन हे तिच्या डोक्यात बसावं.

ती चिकनसाठी यायची, कारण भूक खरी होती. तुकडा संपला की भानावर यायची आणि तेव्हा माझा हात तिच्या मानेवर असायचा. म्हणजे मी तिला तिच्या मर्जीपेक्षा दोन पावलं पुढे ओढत होते आणि मग तिथेच अडकवत होते. तिसऱ्या दिवसापासून ती हातातलं चिकनही घेईना. नुसता हात पुढे केला तरी ओठ चाटायची, जांभई द्यायची, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत कडेने बघायची.

पाचव्या दिवशी गुरगुरली. मी "ए!" करून ओरडले. ती गप्प झाली.

ओरडायला नको होतं, हे दहा दिवसांनी कळलं. गुरगुरणं म्हणजे तिने दिलेली सूचना होती. मी सूचना बंद केली, तिचा त्रास तसाच ठेवला.

१७ जुलै, आषाढी एकादशी

दुपारी अडीचच्या सुमारास सोनकी सोप्यात गोधडीवर झोपली होती. आप्पा उपासाचं खाऊन तिथेच खुर्चीत बसले होते. उठताना वाकून त्यांनी तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, हात ठेवला. आवाज नाही, गुरगुर नाही. ती वळली, दात मनगटाला लागले आणि पुढच्या क्षणी ती अंगणाच्या टोकाला होती.

कातडी खरचटली, रक्त नाही. नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुतलं. घड्याळ लावून, कारण आप्पा दोन मिनिटांत "झालं" म्हणत होते. मग सरकारी दवाखाना. रक्त न आलेली ओरखड्याची जखम म्हणून सीरम (जखमेत टोचायचं तयार अँटीबॉडीचं औषध) लागलं नाही, रेबीजची लस मात्र लागली: आज, २० जुलै, २४ जुलै आणि १४ ऑगस्ट. पैसे लागले नाहीत. सोनकीला तीनच आठवड्यांपूर्वी लस दिली आहे, त्याआधीचा कागद नाही, हे सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले की हा रोग एकदा दिसायला लागला की उपाय नसतो, त्यामुळे विचार करत बसायचं नाही. सोनकीवर १० दिवस लक्ष ठेवायला सांगितलं.

रात्री मी आप्पांना म्हटलं, परत पाठवायची का? आप्पा म्हणाले, "चूक माझी आहे गं. मेंढरांतलं कुत्रं झोपेतही राखणीवर असतं. लांडग्याला आधी चावायचं आणि मग बघायचं कोण आहे, असं ते वाढलेलं. मी हाक मारायला हवी होती."

शिकारी अंगाच्या, सडपातळ कुत्र्यांमध्ये हे बरंच दिसतं: गाढ झोपेत हात लागला तर जाग येण्याआधी तोंड चालतं. ग्रेहाउंड पाळणारे नवीन माणसाला पहिली ताकीद हीच देतात.

१८ जुलै

नियम कागदावर लिहून फ्रिजला लावले:

१. १४ दिवस कोणीही हात लावायचा नाही. कोणत्याही कारणाने.
२. झोपली असेल तर लांबून नावाने हाक. डोकं वर आलं की मगच जवळून जायचं.
३. गोधडी भिंतीच्या कोपऱ्यातून काढून अशा जागी ठेवायची जिथून तिला दोन्ही बाजूंनी निघता येईल.
४. गुरगुरली तर थांबायचं, मागे व्हायचं. ओरडायचं नाही.

मनू नऊ वर्षांची आहे. कागद वाचून तिने विचारलं, "तिला मी आवडत नाही का?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. मग तिला म्हटलं, तुला गालाचे मुके घेणाऱ्या सगळ्या मावश्या आवडतात, पण मुके आवडतात का? ती थोडा वेळ विचार करत बसली आणि तिने स्वतःहून पाचवा नियम लिहिला: "सोनकीला रोज गोष्ट वाचून दाखवायची. लांबून."

२२ जुलै

हात न लावता फिरायला कसं न्यायचं, हा पहिलाच पेच. घरात असताना पट्ट्याला दोन मीटरची हलकी सुती दोरी सोडून ठेवली. बाहेर जाताना दोरीचं टोक उचलायचं, मानेकडे हात जात नाही. आम्ही समोर असतानाच दोरी लावायची, एकटी असताना नाही, अडकून फास बसू शकतो.

आज फाटकाशी एक मोटारसायकल फटफटली, तिने मान खाली घालून मागे झटका दिला आणि पट्टा सुटला. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा सरळ निघून येतो. तीन तास शोधलं. गोडोलीच्या तळ्यापर्यंत जाऊन आले. ती संध्याकाळी आपली आपण फाटकाशी येऊन उभी होती. मला रडू आलं, तरी हात पुढे केला नाही. फाटक उघडून बाजूला झाले.

३०० रुपयांचा विकतचा पट्टा बाद. बॅगा शिवणाऱ्याकडून दोन इंची पट्टीचा नवा शिवून घेतला, २५० रुपये. दोन कड्या आणि मधे छोटा फेरा: ओढ बसली की मानेच्या मापापर्यंतच आवळतो, गळा दाबत नाही, पण डोक्यावरून निघतही नाही. पहिल्या दिवशीच हे करायला हवं होतं.

पावसाळ्यात गोचिडांचा प्रश्न होताच. मानेवर टाकायचं औषध किंवा पावडर म्हणजे पुन्हा अंगाला हात, म्हणून डॉक्टरांना विचारून खायची गोळी आणली, ९०० रुपये. कलेजीत घालून दिली, गेली.

२ ऑगस्ट

१४ दिवस पूर्ण. घरात दोन फुटी शहाबादी फरशी आहे, त्यामुळे अंतर मोजणं सोपं पडलं. १८ जुलैला मी बसले की ती पाच फरश्या लांब बसायची. आज दीड. मनू वाचत असताना एकदा एकच फरशी.

आणखी एक बदल: ती कुशीवर पाय पसरून झोपायला लागली. आधी कायम पाय पोटाखाली, उठायच्या तयारीत. मला वाटतं, आमच्याकडून काही होणार नाही याची तिला खात्री पटत होती. १४ दिवसांत आम्ही तिला हातही लावला नाही आणि पहिल्या २५ दिवसांपेक्षा जास्त काम झालं.

२४ जुलैपासून मुसकीचा सराव चालू होता. (आप्पा बैलांची म्हणतात तीच मुसकी, प्लॅस्टिकच्या जाळीची. तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं, धाप टाकता येते. तोंड आवळून धरणारी कापडी घेऊ नका, उन्हात कुत्र्याला अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही.) पहिली ४५० रुपयांची घेतली ती लॅब्राडॉरच्या तोंडाची निघाली, हिच्या नाकावर गोल फिरायची. लांब तोंडाची दुसरी १,१५० रुपयांना. आत दही लावून जमिनीवर धरायची, ती आपणहून तोंड घालते. मी तिच्या तोंडावर चढवत नाही. मुसकीचा बंद लावायला अजून सुरुवात केलेली नाही.

१० ऑगस्ट

दुसरे डॉक्टर, आधी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी दुपारची शेवटची वेळ दिली, म्हणजे बाहेर दुसरी कुत्री नसतील. टेबल नाही, जमिनीवर सतरंजी. मुसकी तिने स्वतः घातली, बंद मी लावला. एकूण सराव १७ दिवसांचा.

डॉक्टर आधी दहा मिनिटं नुसते खाली बसले. मग मानेपासून शेपटीकडे बोटांनी हळू दाबत गेले. मान ठीक, पाठ ठीक, कमरेच्या वर पोचल्यावर ती झटकन वळली. १७ जुलैला आप्पांनी हात ठेवला होता तीच जागा. डाव्या कानाला हात नेला तेव्हाही तसंच.

एक्स-रेमध्ये कमरेच्या हाडात जुनं, आपोआप भरून आलेलं फ्रॅक्चर दिसलं. कधी, कशाने, कोणाला माहीत. कानात यीस्टचा, म्हणजे बुरशीचा, संसर्ग. वजन १९ किलो.

घरी येताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. पाच-सहा आठवडे आम्ही तिच्या स्वभावाबद्दल बोललो. "माणूसघाणी", "कोडगी", "रानटी" हे शब्द घरात वापरले गेले. आणि तिचं अंग दुखत होतं. हात लावून न घेणारं कुत्रं असेल तर प्रशिक्षणाचा विचार करण्याआधी दुखण्याची तपासणी करा: कान, दात, कंबर, सांधे. मी हे सातव्या आठवड्यात केलं.

तपासणी ५००, एक्स-रे ८००, औषधं ६२०. दुखण्याच्या गोळ्या ७ दिवस, डॉक्टरांनी दिलेल्याच. घरातली आयब्युप्रोफेन वगैरे कुत्र्याला अजिबात देऊ नका, पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात.

आता खरी अडचण. कानात थेंब. दिवसातून दोनदा, १४ दिवस.

११ ऑगस्ट

सकाळी प्रयत्न केला. आप्पांनी दोरी धरली, मी कान उचलला. एक थेंब कानात, बाकी भिंतीवर. ती खाटेखाली गेली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. रात्री मी बसले तेव्हा चार फरश्या लांब बसली. तीन आठवड्यांची कमाई एका सकाळी गेली.

डॉक्टरांना फोन केला. संसर्ग सौम्य आहे, आठ-दहा दिवस थांबलं तर चालेल, तेवढ्यात तिला तयार करा, म्हणाले. हे विचारलं नसतं तर रोज दोनदा तसंच धरत बसलो असतो. विचारा. प्रत्येक वेळी थांबता येईलच असं नाही, पण बऱ्याचदा येतं.

१२ ते १९ ऑगस्ट

चिराग पटेल नावाच्या प्रशिक्षकाने लोकांपर्यंत पोचवलेला बकेट गेम म्हणून एक खेळ आहे. खाऊचं भांडं समोर ठेवायचं. कुत्रं भांड्याकडे बघत असेल तोवर आपण काम करायचं, त्याने नजर हटवली की त्या क्षणी थांबायचं. सोनकीची नजर उडत्या कावळ्यावरही जाते, म्हणून मी नजरेऐवजी हनुवटी धरली आणि भांड्याऐवजी जेवणाचा पाट. पाटावर पंचाची घडी. हनुवटी घडीवर असेल तोवर मी हात पुढे नेईन, हनुवटी उचलली की हात माझ्या मांडीवर परत.

१२ तारीख: पाटाकडे बघितलं की कलेजीचा तुकडा. पाच मिनिटं, बास.
१३: नाक घडीला लागलं की तुकडा.
१४: हनुवटी टेकली, क्षणभर. संध्याकाळी तीन सेकंद. आज आप्पांची शेवटची लसही झाली.
१५: हनुवटी टेकलेली असताना मी उजवा हात फक्त हवेत उचलला. ती उठून गेली. माझी घाई. पुढचा अख्खा दिवस हात मांडीवरून चार बोटंच हलवला.
१७: हात कानापासून वीतभर अंतरावर. हनुवटी तशीच. पाच वेळा.
१८: बोटाचं टोक कानाच्या बाहेरच्या कडेला, एक सेकंद. चौथ्या वेळी तिने हनुवटी उचलली, मी लगेच हात मागे घेतला. ती पाटापासून एक पाऊल मागे गेली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि परत येऊन हनुवटी ठेवली.

ते बघून माझा श्वास अडकला. ५६ दिवसांत पहिल्यांदा तिने "नाही" म्हटलं, ते ऐकलं गेलं, म्हणून ती परत आली.

१९: रिकामी बाटली कानाशी. काही नाही. मग औषधाची बाटली. पहिला थेंब पडताच उडाली. संध्याकाळी कारण सापडलं: पावसाळी हवेत थेंब गार होता. बाटली दहा मिनिटं मुठीत धरून कोमट केली. उडाली नाही.

४ सप्टेंबर

१४ दिवसांत २८ वेळा औषध घालायचं होतं, २५ वेळा घातलं. तीन वेळा तिने हनुवटी ठेवलीच नाही, मी बाटली परत ठेवून दिली. फेरतपासणीत कान साफ. ३०० रुपये. कमरेवरही आता दाबल्यावर ती फक्त मान वळवते.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

सकाळपासून येणं-जाणं. सोनकीला मागच्या खोलीत ठेवलं, दारावर मनूच्या हातचा कागद: "सोनकी झोपली आहे, दार उघडू नका." अकराच्या सुमारास नात्यातल्या एक आत्या दार उघडून आत गेल्या. "आमच्याकडे जन्मभर कुत्री होती, मला काही करत नाहीत." मी पोचले तेव्हा आत्या खाटेपुढे वाकलेल्या होत्या आणि सोनकी खाटेखाली भिंतीला चिकटलेली, ओठ ताणलेले. गुरगुरत होती. मला बरं वाटलं की गुरगुरत होती. तो आवाज परत आला होता.

आत्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. त्यांना राग आला, प्रसाद न घेता गेल्या. संध्याकाळी फोन करून माफी मागितली, पण दार उघडण्याबद्दलही स्पष्ट बोलले. चूक माझीही होती: कागदावर भरवसा ठेवला, कडी लावली नाही.

त्यानंतर आठ दिवस पाटावर हनुवटी नाही. आत्या एकट्या कारण नव्हत्या. आरत्या, टाळ, ढोल, अनोळखी पावलं, वासांचा गोंधळ, आणि त्यावर तो हात. एकेक गोष्ट तिने सहन केली असती, पण सगळं एकावर एक साचत गेलं. गौरींच्या तीन दिवसांत ती आणि आप्पा माडीवर राहिले. आप्पांनी रेडिओ लावला आणि दुपारी दोघं झोपले, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. पहिली हनुवटी १५ तारखेला.

३० सप्टेंबर

खर्च, जे विचारतील त्यांच्यासाठी. दवाखाना आणि औषधं मिळून ३,३२०. मुसक्या १,६००. पट्टे ५५०. गोचिडाची गोळी ९००. एकूण ६,३७०, त्यात ७५० सरळ वाया. चिकन, कलेजी, वजडी महिन्याला ९०० च्या आसपास, वेगळे. वेळ: सरावाला रोज दोनदा पाच मिनिटं. वाया गेलेला वेळ: पहिले २५ दिवस पूर्ण.

२७ ऑक्टोबर

हा महिना मी एका आशेवर काढला. दुखणं गेलं, कान बरा झाला, आता ती लाड करून घेईल.

पद्धत अशी: ती स्वतःहून एका फरशीच्या आत आली तरच, उलटा हात खाली धरायचा. नाक लावलं तर गळ्याखाली किंवा छातीवर तीन सेकंद खाजवायचं. मग हात काढायचा आणि बघायचं. पुढे आली तर आणखी तीन सेकंद. मागे झाली, तोंड वळवलं, ओठ चाटले किंवा नुसती उभी राहिली तर संपलं. डोक्यावरून हात कधीच नाही, वरून येणारा हात तिला नीट दिसत नाही.

दर रविवारी दहा वेळा विचारून मोजलं. ६ तारखेला २ वेळा पुढे आली. १३ ला ३. २० ला २. आज ३.

वाढत नाही आणि वाढणार नाही असं मला आता वाटतं. दुखत होतं तेव्हाही नको होतं, दुखत नाही तरी नको आहे. हे लिहिताना वाईट वाटतंय, ते खोटं कशाला सांगू. आई गेल्यापासून घरात एक कुत्रं असावं असं वाटत होतं, आणि त्या इच्छेत माझा हात एका उबदार पाठीवर होता. सोनकीने ती पाठ देऊ केलेली नाही. तिच्या बाजूने ती जे देते ते वेगळं आहे: मी स्वयंपाकघरात गेले की ती दाराशी येऊन बसते, बाथरूममध्ये गेले की बाहेर. मी आजारी होते त्या दोन दिवसांत जेवली पण फिरायला गेली नाही. मनू शाळेतून यायच्या दहा मिनिटं आधी फाटकाशी असते.

मोजणं आजपासून बंद. हात लावण्याची दोन कामं वेगळी केली. एक, तिच्या तब्येतीसाठी लागणारं: कान, गोचीड, नखं, सुई. त्याचा सराव पाटावर, रोज, आयुष्यभर. दुसरं, माझ्या आनंदासाठी. ते तिने मागितलं तर, नाहीतर नाही.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सातपासून फटाके. मागची खोली, पडदे, पंखा पूर्ण वेगात, रेडिओ. मी खाटेला टेकून जमिनीवर बसले. ती दोन फरश्यांवर, अंग थरथरत. साडेआठला शेजारच्या गल्लीत माळ लागली तेव्हा ती उठली, जवळ आली, उलटी फिरली आणि तिची पाठ माझ्या पोटरीला टेकवून बसली. पूर्ण वजन टाकून.

हात मांडीखाली दाबून ठेवला. तिची कातडी किती पातळ आहे आणि खाली काळीज किती जोरात चालतं हे मला तेव्हा कळलं. पावणेअकराला ती उठून आपल्या गोधडीवर गेली. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

८ डिसेंबर

थंडी. हिच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड, सकाळी कुडकुडते. डोक्यातून घालायचा स्वेटर आणला तर डोकं आत जाताच मागे सरकली, परत केला. आप्पांची जुनी शाल कापून, छातीपुढे आणि पोटाखाली चिकटपट्टी लावून वरून टाकायची झूल केली. चिकटपट्टी उघडताना जो चर्र आवाज येतो त्याला ती दचकली, म्हणून पोटाखाली नाडीची गाठ. पाटावर हनुवटी, झूल, गाठ, एकूण ४० सेकंद. गाठ बांधताना जांघेत आणि काखेत गोचीडही बघून होतात.

१२ जानेवारी २०२५

नखं. १८ आहेत, पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पंजाला हात म्हणजे तिच्यासाठी सगळ्यात कठीण. नोव्हेंबरपासून पाटावर प्रयत्न करून तीन नखं कापली, चौथ्याला आतली शीर थोडी लागली, रक्त आलं, हळद दाबली. त्यानंतर पंजा पुढे येणं बंद.

मग पंजाला हात लावायचाच नाही असं ठरवलं. सुताराकडून दीड फुटाची फळी, त्यावर लाकूड घासायचा ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, ६० रुपये. फळी भिंतीला तिरकी टेकवली, खाली तुकडा दाबून धरला. ती तुकडा काढायला पंजाने ओरबाडते आणि नखं घासली जातात. पहिल्या दिवशी कागद निघाला, गोंद बदलला. आता रोज २० वेळा ओरबाडणं, पुढची आठ नखं तीन आठवड्यांत जमिनीला लागायची थांबली. शहाबादीवरचा टकटक आवाज गेला. मागची फिरताना डांबरावर आपोआप घासतात.

पुढच्या पायांची अंगठ्याची दोन नखं राहिली आहेत, ती फळीला लागत नाहीत आणि वाढत जाऊन कातडीत वळतात. ती कापावीच लागतील. उद्यापासून पाटाशेजारी कात्री नुसती ठेवून देणार आहे, पंजाकडे न बघता.